दट्ट्या मीच उघडला

"साहेब आहेत का घरी?" दुरुस्तीला आलेल्या माणसानं दारातूनच विचारलं.

खरं तर यंत्र माझं होतं. म्हणजे आणलं मुलानं. हिंजवडीतल्या त्याच्या ऑफिसातला एक परदेशी सहकारी मायदेशी परतताना ते त्याला देऊन गेला. वर्षभरानं मुलगाही नोकरीसाठी बाहेर गेला आणि कॉफीचं ते यंत्र आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये, ओट्यावर राहिलं. वीज फक्त पाणी तापवायला. बाकी सगळं हातानं. दांडा वर उचलला की गरम पाणी कॉफीच्या पुडीवर उतरतं. मग तो खाली ओढायचा, की आतला दट्ट्या ते पाणी पुडीतून दाबून कपात पाडतो. निवृत्त झाल्यावर मला त्या दोन घोट कडू कॉफीची चटकच लागली. ह्यांना तो काढा वाटायचा.

तर हा दांडा आधी करकरायला लागला, मग जड झाला, आणि शेवटी वरून, दांडा जिथे आत शिरतो तिथून, गरम पाणी झिरपायला लागलं. म्हणून माणूस बोलावला. कधीपासून, कुठून, किती, सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या ह्यांच्याकडे वळून उत्तर दिलं.

"साहेब, रबर गेलंय. याचं काम कोणी करत नाही आता. बटणवालं घ्या, काकूंना सोपं पडेल."

"मी इथे उभी आहे," मी म्हणाले.

"हो काकू, पण ते आतलं तुम्हाला नाही कळायचं. तोपर्यंत शिलाई मशीनचं तेल सोडा दोन थेंब."

"मला कॉफी प्यायची आहे, शिवायची नाहीये."

ह्यांनी पेपर खाली घेतला नाही, पण तो हलत होता.

तीस वर्षं मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. तिथला निर्वात पंप दर उन्हाळ्यात मी उघडायची. दट्ट्या पुसायचा, वॉशर तपासायचं, ग्रीस लावायचं. प्राध्यापक येऊन त्या पंपावर मुलांना शिकवून जायचे. तो चालू कोण ठेवतं, हे एकाही प्राध्यापकानं विचारलं नाही. तेव्हा मी गप्प बसले. आता स्वतःच्या ओट्यावर गप्प बसायचं मला काही कारण नव्हतं.

संध्याकाळी मुलाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं.

"आई, प्लीज हात लावू नकोस. आत प्रेशर असतं. मी आलो की बघतो."

"कधी येतोस?"

"बघू."

"मग तोपर्यंत मीच बघते."

खाण्यापिण्याच्या यंत्राला चालणारं ग्रीस हवं होतं. दोन दुकानदारांनी गाडीचं ग्रीस पुढे केलं. तिसरीकडे, आइस्क्रीमच्या मशीनचे सुटे भाग विकणाऱ्याकडे, बरोबर ट्यूब मिळाली. त्यानं एकच प्रश्न विचारला, "दट्ट्याला लावायचंय ना?" मला त्या माणसाचा फार आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लग काढला, यंत्र पूर्ण गार आहे याची खात्री केली आणि वाफेची तोटी उघडून ठेवली. ओट्यावर जुना टॉवेल पसरला. दांड्याच्या पिना काढल्या आणि काढलेली प्रत्येक वस्तू, निघाली त्या क्रमानं, टॉवेलवर मांडली. दट्ट्या हलेना. हळूहळू फिरवत, ओढत अखेर तो बाहेर आला. त्यावर दोन रबरी रिंगा होत्या आणि त्यांच्या खाचांत जुन्या कॉफीचं काळं, चिकट किटण बसलं होतं. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, मऊ ब्रशनं घासून ते काढलं. खालून स्वच्छ, मऊ रबर निघालं. कुठे चीर नाही, काही नाही. नुसतं कोरडं पडलं होतं. रबर गेलंय म्हणे! दट्ट्याखालची, पाणी पुडीवर सोडणारी जाळीही घासली, दट्ट्याची नळी आतून पुसली, रिंगांना बोटानं ग्रीसचा पातळ थर दिला आणि सगळं परत बसवलं.

यंत्र तापल्यावर दांडा उचलला, तर वरून गरम पाण्याची चिळकांडी थेट माझ्या बाहीवर.

"बटणवालं बघू का?" हे दारात येऊन म्हणाले.

"टॉवेल द्या."

हात पोळला होता. दिवसभर यंत्राकडे पाहिलं नाही. पण मनात दट्ट्या फिरतच होता. दोन्ही रिंगांना एका बाजूला कड होती. वरच्या रिंगेची कड वर हवी, खालच्या रिंगेची खाली, म्हणजे पाण्याचा दाबच तिला नळीला चिकटवून धरतो. मी दोन्ही वर तोंड करून बसवल्या होत्या. चूक माझीच होती.

तिसऱ्या दिवशी परत उघडलं, खालची रिंग उलटवली. या वेळी यंत्र डगमगू नये म्हणून तळ धरायला ह्यांना उभं केलं. दांडा वर गेला. थांबले. खाली ओढला. ना करकर, ना थेंब. कपात दाट, तपकिरी धार पडली.

"जमलं की," हे म्हणाले.

"जमणारच होतं."

पुढे मुलगा सुट्टीवर आला. दांडा दोनदा ओढून पाहिला आणि म्हणाला, "आई, एकदम स्मूथ! मी घेऊन जाऊ का हे तिकडे? तसं माझंच आहे ना."

"दट्ट्या कधी उघडला होतास का?"

तो हसला. "नाही."

"मग ते इथेच राहील," मी म्हणाले. "शिकायचं असेल तर हात धुऊन ये."

तो खरंच हात धुऊन आला.