पहिल्या गिऱ्हाइकाचं तोंड

वाटूर फाट्यावर सकाळी बसची वाट पाहताना मी एका बाईंच्या टपरीवर चहा घ्यायचे. पहिलं गिऱ्हाईक बहुधा मीच असायचे. कप हातात दिला की त्या टक लावून माझ्या तोंडाकडे पाहायच्या. मला रागच यायचा.

परवा मी चहा नको म्हणाले. "माझी थायरॉइडची ग्रंथी मंदावलीय, मावशी. सकाळच्या गोळीनंतर तासभर चहा बंद."

त्यांनी पदर सारून गळ्यावरची सूज दाखवली. "मलाबी तेच हाये. गोळी घेऊनच गॅस पेटवते, मंग चव कशी पाहू? साखर बराबर हाये का, ते तुमच्या तोंडावरूनच कळायचं."

तेवढ्यात एक कंडक्टर आला. त्याने पहिला घोट घेतला. आम्ही दोघी टक लावून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो.