स्वखुशीचा अर्ज

सोनी चपलांच्या रॅकला टेकून फरशीवर बसली होती. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. वर्गाचं दार बंद. आत पहिलीची मुलं कविता म्हणत होती. मला बघून म्हणाली, "मावशी, एक्केचाळीस बूट. एक मी फेकला."

माझ्या थोरल्या बहिणीची पोर. डहाणूतल्या या इंग्रजी शाळेत आरटीईच्या मोफत जागेवर लागलेली. तीन आठवडे झाले होते.

ऑफिसात मोठ्या मॅडमनी मला आणि ताईला बसासुद्धा म्हटलं नाही. "हुशार आहे, मान्य. दुसरीची गणितं करते. पण चावते. पळते. तुम्हा पाड्यावरच्या लोकांना मुलं फक्त जन्माला घालता येतात. वळण कोण लावणार? आम्ही?"

चिकूच्या वाडीतल्या कामाला खाडा करून ताई आली होती.

मी तलासरीत सभांत बोलते. पत्रकं लिहिते. मॅडमशी मात्र वाद घालता येईना. कारण सोनी चावते, हे खरं. घंटा झाली की कान दाबून किंचाळते. मलाही चावलीय. का, ते कळत नाही. शाळेने कुणा डॉक्टरला दाखवलं नाही. आम्ही तरी कुठे दाखवलं?

मॅडमनी कोरा कागद सरकवला. "लिहा. घरगुती अडचणीमुळे मुलीला स्वखुशीने शाळेतून काढत आहोत."

"लिव बाय," ताई कुजबुजली. "परत ही बोलणी नको."

मी लिहिलं. हो, लिहिलं. 'स्वखुशीने'पर्यंत. मग हात थांबला. आठवीपर्यंत शाळेला पोर काढता येत नाही, हे मीच पत्रकात छापलंय. म्हणूनच तर अर्ज आमच्याकडून हवा होता. हाकलायचं त्यांनी, सही आमची.

कागद फाडला. "काढायची तर तुम्ही काढा. कारण लिहून, तुमच्या सहीने."

मॅडम हसल्या. "भाषणं बाहेर. उद्या कुणाला चावली तर?"

सोनीला घेऊन आम्ही निघालो. रस्त्यात ताई म्हणाली, "तू बोलून मोकळी झालीस. तिथं बसायचं माझ्या पोरीला." तेही खरं.

सोनी उद्या चावेल. तिला पुन्हा वर्गाबाहेर काढतील. तरी सकाळी तिला घेऊन गेटवर मी असणार. तिला बाहेर बसवलं तर मीही बाहेर बसणार. रोज. सगळ्या पालकांच्या डोळ्यांसमोर. उठवायचं तर दोघींना उठवा. अर्ज मिळणार नाही.