वरच्या खिडक्यांचा माणूस

खुशालमामा माझे मामा नाहीत. आमच्याकडच्या एका तीन मजली सरकारी इमारतीत अर्ज घेऊन जो कोणी शिरतो, त्या सगळ्यांचेच ते मामा. इमारतीचं नाव लिहीत नाही. अर्ज लिहून द्यायचं माझं टेबल तिच्याच दारात आहे आणि उद्याही मला तिथंच बसायचंय.

मामा तिथे अटेंडर. साठी उलटलेली, निवृत्तीला सात महिने. कागदोपत्री त्यांचं काम फायली नेण्याचं, पण खरं काम खालच्या हॉलचं. हा हॉल दोन मजले उंच आणि पश्चिमेला सगळी काच. ज्यानं नकाशा काढला त्यानं आमच्याकडचा मे महिना फोटोतच पाहिला असणार. एक शहाणपण मात्र त्याच्या हातून घडून गेलं होतं: छताखाली ओळीनं बारा खिडक्या. उघडणाऱ्या. त्या उघडायच्या कशा, हे सांगायला तो विसरला. हात पोचत नाही, दोरी नाही, शिडी मंजूर नाही. मामांनी एक लांब बांबू आणला, टोकाला लोखंडी आकडा बांधला, आणि आठ वर्षं रोज सकाळी नऊला बाराही खिडक्या उघडल्या, संध्याकाळी लावल्या.

"आमच्या कुडाच्या घरात धूर जायले वरतं फट ठेवत," ते म्हणायचे. "इथं मानसंच धूर हायेत."

त्या खिडक्यांतून गरम हवा बाहेर जायची आणि कबुतरं आत यायची. त्यातल्या एकानं रविकांत सरांच्या फायलीवर आपला शेरा मारला आणि प्रकरण तिथून पेटलं. रविकांत सर म्हणजे इमारतीचा सगळा कारभार पाहणारे साहेब. त्यांनी ठरवलं की बाराही खिडक्यांना कायमची काच बसवून टाकायची. त्याआधी पाहणी हवी, असा नियम निघाला. म्हणून साक्षी मॅडम आल्या. बासरच्या कॉलेजात शिकलेल्या, हैदराबादेत नोकरीला, तिपाईवर बसवायचं, तापमान मोजायचं यंत्र आणि कागदांचा गठ्ठा घेऊन. प्रत्येक कागदावर पाच चेहरे छापलेले. एका टोकाला गारठलेला निळा, दुसऱ्या टोकाला लालबुंद, मध्ये हसरा. आपल्याला कसं वाटतं त्या चेहऱ्यावर खूण करायची. खिडक्या बंद ठेवूनही लोकांना बरं वाटलं, तर त्याच आठवड्यात काच बसणार होती.

पाहणीसाठी सोमवार निवडला, कारण त्या दिवशी तक्रारी ऐकतात आणि हॉल भरतो. रविकांत सरांनी सकाळीच बांबू आपल्या खोलीत कपाटामागे उभा करून घेतला आणि मामांना बजावलं की आज खिडकीला हात लागला तर मेमो. मामांच्या नावावर एक मेमो आधीच होता. दुसरा लागला की निवृत्तीचे कागद टेबलाटेबलांवरून फिरत राहतात, हे त्या इमारतीत भिंतीलाही ठाऊक.

त्या दिवशी बाहेर उन्हात चव्वेचाळीस, दारासमोरच्या कडुनिंबाच्या सावलीत सदतीस. हॉलमध्ये सव्वादोनशे माणसं, हातात टोकन, नजर नंबर पुकारणाऱ्या माइकवाल्याकडे. बारा वाजता यंत्रात अडतीस दिसलं, एकला साडेएकोणचाळीस. पंखे होते, पण ते वरची गरम हवा खाली वाटत होते.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे कागद मी भरत होतो. रविकांत सर हात मागे बांधून माझ्या खुर्चीमागे उभे. मी विचारायचो, कसं वाटते? माणूस आधी सरांकडे बघायचा, मग म्हणायचा, बरं हाय. आपला कागद ज्याच्या टेबलावर अडलाय, त्याला तुमचा हॉल तापलाय म्हणून कोण सांगणार? सगळ्यांची बोटं हसऱ्या चेहऱ्यावर. मामांचंही.

सर जरा पलीकडे गेले तेव्हा मी मामांना चिमटा काढला. "बनियन पिळलं तं बादली भरल मामा, आन तुमी बरं म्हणता?"

"तुवा काय टाकलं?" त्यांनी विचारलं.

मी पुढचा कागद घेतला.

दीड वाजता साक्षी मॅडमनी गठ्ठा चाळला. दोनशे अकरा कागद, दोनशे अकरा हसरे चेहरे. त्यांनी यंत्राला टिचकी मारून पाहिली. बिघडलंय यंत्र की माणसं, हे काही त्यांना उमजेना. तीन वाजता अहवाल पाठवायचा होता. रविकांत सर समाधानानं जेवायला गेले, खोलीला कुलूप लावून, बांबू आत.

मामा कागदांकडे बघत नव्हते, माणसांकडे बघत होते. काचेच्या बाजूला तिसऱ्या बाकावर मनकर्णाबाई बसल्या होत्या. बेला गावाकडच्या, सत्तरीच्या, पासबुकात नाव चुकलंय म्हणून नऊ महिने येणाऱ्या. टोकन एकशे सत्त्याऐंशी. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता, कारण पाणी प्यालं की उठावं लागतं, आणि उठलं की नंबर जातो.

"तिनं घाम पुसनं बंद केलं," मामा म्हणाले आणि निघाले. मीही मागे.

त्यांनी बाईंच्या कपाळाला हात लावला. कोरडं, तव्यासारखं. एवढ्या उकाड्यात घाम आटला म्हणजे उष्माघात. त्यांनी बाहेर चला म्हटलं. मनकर्णाबाईंनी टोकन मुठीत आवळलं आणि मामांकडे बघत शांतपणे विचारलं, "बाबाराव, बैलं बांधले काय?"

बाबाराव त्यांचे यजमान. जाऊन सहा वर्षं झालेली.

मामांनी एकदा वर पाहिलं. बारा बंद खिडक्या. एकदा सरांच्या कुलपाकडे पाहिलं. बाकांमधल्या वाटेत माणसं अशी दाटून बसली होती की बाईंना उचलून न्यायला जागा नव्हती, आणि नंबरापायी कोणी हलायला तयार नव्हतं. मग ते सरळ जाऊन माइकवाल्याच्या हातातून माइक घेऊन बोलले.

"आतापासून नंबर बाहीर, कडुनिंबाखाली बोलावतो. कोनाचाच नंबर जानार नाई, मी सांगून राह्यलो. ज्याले आतच बरं वाटते, त्यानं आत बसा."

क्षणभर कोणी हललं नाही. मग एक बाक सरकला. मग सगळे. दोन मिनिटांत वाट मोकळी. आम्ही मनकर्णाबाईंना उचलून निंबाखाली नेलं. रांजणाचं पाणी अंगावर, पदर भिजवून मानेवर, मामा फायलीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होते. साक्षी मॅडमनी आधी अँब्युलन्ससाठी एकशे आठला फोन लावला, मग दारात उभं राहून आत मोजलं. चारजण उरले होते. त्यातले दोघे झोपलेले.

त्यांनी यंत्राचे आकडे टिपलेल्या कागदाखाली ‘आत उरले चार’ असं लिहायला घेतलं, तेवढ्यात रविकांत सर आले. आत रिकामा हॉल, बाहेर झाडाखाली माइक. त्यांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त भीतीचं होतं.

"कोणाच्या ऑर्डरनं?"

मामांच्या हातातला पुठ्ठा थांबला नाही. "सर, आत सगळ्याइले बरं वाटते असं कागदावर हाय. मी निस्तं इचारलं."

मामा साक्षी मॅडमकडे वळले. "मॅडम, माहा कागद वापस द्या. तो खोटा हाय."

पुठ्ठा माझ्या हातात देऊन त्यांनी हसऱ्या चेहऱ्यावर काट मारली, लालबुंदावर खूण केली आणि खाली पूर्ण नावानं सही केली. सव्वादोनशे माणसांत सही केलेला तेवढा एकच कागद. मॅडमनी तो गठ्ठ्याच्या सगळ्यात वर ठेवला. मग मी माझाही मागून घेतला, लालबुंदावर खूण केली, पण सही केली नाही. माझं टेबल दारातच आहे.

मेमो गुरुवारी आला. उत्तर मीच लिहून दिलंय, त्यावर अजून काही आलेलं नाही. निवृत्तीचे कागद कुठं अडकतात ते सात महिन्यांनी कळेल. साक्षी मॅडमचा अहवाल गेल्यावर खिडक्यांना काच मात्र बसली नाही. बांबू अजून सरांच्याच खोलीत असतो. रोज नऊला मामा दारात उभे राहून तो मागतात, आणि सर मान वर न करता कपाटाकडे बोट दाखवतात.

तिसऱ्या सोमवारी मनकर्णाबाई दवाखान्यातून सुटून आल्या. नवा नंबर, बाक तोच. मामांनी विचारलं, "मावशी, कसं वाटते?"

"बरं हाय."

मामांनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. घामानं ओलं लागलं. मगच ते पुढच्या बाकाकडे गेले.