ह्यांचा विजेवरचा अल्बम

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आमच्या घरात एक पेटी आली. आली म्हणजे ह्यांनीच ती बनवली. मी तेव्हा कर्जतला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि हे हायस्कुलात विज्ञान. नगरच्या जुन्या बाजारात लष्कराच्या भंगारातून मिळालेले वायरलेसचे व्हॉल्व्ह, दोन मेलेले रेडिओ आणि फिरवायच्या बटणांच्या जागी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची बुचं, एवढा सगळा संसार त्या पेटीत होता. परदेशात अशा यंत्राला सिंथेसायझर म्हणतात आणि त्यावर एकटा माणूस अख्ख्या वाद्यवृंदाचं काम करतो, असं ह्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. एकट्यानं करायचं म्हटल्यावर ह्यांना ते पटलंच. चार माणसांत ह्यांचं कधी जमलं नाही.

पेटीतून सूर निघायचा तो लांबच लांब. पाच-सात मिनिटं तोच. मग हे एक बूच कणभर फिरवत, सूर किंचित मऊ होई आणि हे माझ्याकडे बघत. मी ‘छान’ म्हणे. भाकरी थापताना बायको ‘छान’ म्हणते तेव्हा ती ऐकत नसते, हे कळायला ह्यांना बराच काळ लागला.

मे महिन्याच्या सुट्टीत ह्यांनी शाळेचा टेपरेकॉर्डर घरी आणला आणि शाळेच्याच रिळावर पाऊण तासाचं संगीत भरलं. त्यात ताल नव्हता, शब्द नव्हते, चालही नव्हती. ह्याला अल्बम म्हणायचं, असं ह्यांनी मला सांगितलं. गावात अल्बम म्हणजे लग्नाचे फोटो. त्यामुळे रविवारी सकाळी ह्यांनी अल्बमसाठी बोलावलं तेव्हा हेडमास्तरांच्या पत्नी आठवणीनं चष्मा घेऊन आल्या.

मिरजगावहून माझे वडील आले होते. हे त्यांना मामा म्हणत. दहा मिनिटं ते टोपी मांडीवर ठेवून भक्तिभावानं बसले. मग हळूच विचारलं, “जावईबापू, मशीन तापली न्हाई का अजून? गानं कधी लागायचं?”

“मामा, हेच गाणं आहे.”

“व्हय का,” वडील म्हणाले, आणि पुन्हा ऐकू लागले. शेवटी उठताना त्यांनी मोकळ्या मनानं मत दिलं, की आमच्या विहिरीवरचं इंजिनबी असाच आवाज करतं, पन ते पानी काढतं.

हेडमास्तर सातव्या मिनिटाला झोपले होते. जागे झाल्यावर त्यांनी कला आणि विज्ञान यांच्या संगमावर छोटंसं भाषण केलं आणि कर्जतचं नाव सातासमुद्रापार जाईल असं सांगून पोह्यांकडे वळले.

दोन दिवस हे पेटीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारीण आली. तिचं तान्हं पोटदुखीनं दिवसभर रडायचं. भिंतीपलीकडून ‘ते घुमनारं’ ऐकू आलं की गप्प होतं, तर दुपारी लावाल का, असं तिनं मला विचारलं. ह्यांना फार लागलं. आपण हे संगीत झोपण्यासाठी केलेलं नाही, असं हे म्हणाले. पण लावलं. आठवड्याभरात आमच्या ओसरीवर तीन तान्ही झोपू लागली. चौथं आलं तेव्हा मी पाहिलं, की कितव्या मिनिटाला कुठलं मूल चुळबुळतं हे ह्यांनी वहीत लिहायला घेतलंय. एक कर्कश जागा तर ह्यांनी नव्यानं भरली. हेडमास्तरांच्या भाषणानं जे झालं नव्हतं, ते एका मुलानं नाक मुरडल्यानं झालं.

जूनमध्ये टेपरेकॉर्डर शाळेत परत गेला. रिळावर शाळेचा शिक्का होता, तेव्हा तेही गेलं. ते दुष्काळाचं साल. दुष्काळी कामं बघायला एक मंत्री आले, शाळेच्या पटांगणात बोलले, आणि हेडमास्तरांच्या हुकमानं शाळेच्या कारकुनानं ते भाषण हाताला लागलेल्या रिळावर भरून घेतलं. ते ह्यांचंच होतं.

त्या दिवशी हे घरी येऊन चपला न काढताच पायरीवर बसले. मी म्हणाले, पुन्हा करता येईल.

“तसंच नाही होणार,” हे म्हणाले. “त्या महिन्यात व्होल्टेज वेगळं होतं.”

पंधरा दिवसांनी ते भाषण पालकांना आणि प्रतिष्ठितांना ऐकवायचं ठरलं. पहिल्या रांगेत मामलेदार बसले होते. मंत्र्यांनी रिळातून पुन्हा एकदा पाणी दिलं. रिळात टाळ्या पडल्या तिथे लोकांनीही टाळ्या दिल्या. भाषण अर्ध्या तासाचं होतं आणि रीळ पाऊण तासाचं. ‘जय हिंद’ झालं आणि त्याला लागूनच ह्यांचा सूर सुरू झाला. तेवढा पुसायचा राहिला होता.

कुणी हललं नाही. मंत्र्यांची टेप चालू असताना आधी कोण उठणार? हेडमास्तर मान खाली घालून बसले होते. मिनिटभरानं मामलेदारांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते टोपी काढून उभे राहिले. मग सरपंच, मग हेडमास्तर, मग सगळं पटांगण. कुणाला तरी श्रद्धांजली आहे, एवढं लोकांनी ओळखलं. कुणाला, ते विचारायची पद्धत नव्हती. पंधरा मिनिटं सारा गाव उन्हात उभा राहून ह्यांचं संगीत ऐकत होता. एकही खोकला नाही. हे मागे वर्गाच्या दाराशी उभे होते. ह्यांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता.

घरी जाताना मी विचारलं, की अहो, हे तुमचं आहे म्हणून कुणाला सांगितलं का नाहीत?

“सांगितलं असतं तर खाली बसले असते,” हे म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात नगरहून स्वतःचं रीळ आणून ह्यांनी दुसरा अल्बम केला. तो मी हातातलं काम ठेवून, समोर बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मधली एक जागा मला खरोखर आवडली, तसं ह्यांना सांगितलं. ती जागा चुकून आली होती म्हणाले. पण पुसली नाही.