तिसऱ्या वर्षाची फी

रविवार, मे महिन्यातला दुसरा. नेरूळ, आमचं घर, सकाळचा चहा झाल्यावर. हजर: सासूबाई, माझा नवरा, धाकटा दीर, जाऊ आणि मी. गैरहजर: दोन्ही घरची मुलं, क्लासला गेलेली. विषय एकच. दिराच्या ऑनलाइन पदवीच्या तिसऱ्या वर्षाची फी भरायची की नाही? महिनाअखेरीची मुदत होती.

दीर तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर आहे. बारावी झाल्या झाल्या चिकटला, तेव्हापासून फिरत्या पाळ्या. तरुणपणी त्याला त्याचं काही वाटायचं नाही. आता चाळिशी उलटली, ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की रात्रपाळी सुटत असेल तर सोडवा. त्याच्या प्लांटचा सुपरवायझर लवकरच रिटायर होणार आहे. ती जागा मिळाली तर जनरल शिफ्ट, म्हणजे सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. त्या जागेला ग्रॅज्युएट लागतो, एवढं त्याला ऐकून माहीत होतं. म्हणून ही पदवी. बीबीए, घरबसल्या, तीन वर्षं.

प्रवेश घेतला तेव्हाचा व्हिडिओ कॉल मला चांगला आठवतो. समुपदेशक म्हणवणाऱ्या मुलीने आधीच विचारलं होतं, घरात निर्णय कोण घेतं, त्यांनाही घ्या. म्हणून आम्ही सगळे सोफ्यावर दाटीने बसलो. सासूबाई नवी साडी नेसून आल्या होत्या.

"माजा पोर नोकरीत वर जाईल ना?" त्यांनी मोबाइलला विचारलं.

"शंभर टक्के, आजी," मुलगी म्हणाली. सासूबाईंनी मान डोलावली आणि प्रवेश झाला.

तसं पाहिलं तर मी तयारीने बसले होते. मान्यता आहे का, परीक्षा कुठे, पाळीमुळे लेक्चर बुडालं तर काय, मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का. सगळ्याची उत्तरं मिळाली आणि ती आजही खरीच आहेत. मान्यता आहे, लेक्चरं रेकॉर्ड होऊन मिळतात, पैसे परत मिळत नाहीत. आम्हाला कोणी फसवलं नाही. आम्ही फक्त विकणाऱ्याला विचारलं. जिथे ती पदवी चालवायची त्या कारखान्यात कोणी विचारलं नाही.

त्यालाही कारण होतं. आमच्याकडे गोष्ट पुरी झाल्याशिवाय बोलायची नाही. फ्लॅटची चावी हातात आल्यावर बुकिंग सांगायचं, पोरीचं लग्न ठरल्यावर पाहुणे येऊन गेल्याचं सांगायचं. आधी पेढे, मग बातमी. दोन वर्षं दिराने कंपनीत चकार शब्द काढला नाही. परीक्षा असली की रजेच्या अर्जावर घरगुती काम लिहायचा आणि आमच्याकडे येऊन बेडरूममध्ये दार लावून पेपर द्यायचा.

मग एप्रिलमध्ये कंपनीच्या बसमध्ये तो रिटायर होणारा सुपरवायझरच शेजारी बसला होता. गप्पांत सहज म्हणाला, माझ्या जागेवर केमिस्ट्रीचा बीएस्सी किंवा केमिकलचा डिप्लोमावाला घेणार, दुसरा चालतच नाही. दीर 'हो का' म्हणाला. आम्हाला सांगायला त्याने दोन आठवडे घेतले.

तर ही बैठक.

"बीबीए करून रिॲक्टरला मार्केटिंग शिकवणार होतास काय?" नवऱ्याने सुरुवात केली.

"दादा, तू गप बस. तू बीकॉम करून काय दिवे लावलेस?"

"मी निदान फुकटात केलं."

जाऊ त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती मला म्हणाली, "ताई, रात्रपाळीहून येतात, कानात ते हेडफोन घालतात आणि तसेच झोपतात. लेक्चर आपलं चालूच. मला बघवत नाही. यातून काही मिळणार नसेल तर थांबू दे त्यांना."

माझंही मत तेच होतं आणि मी तसं सांगितलं. ज्या जागेसाठी घेतली तिथे ही पदवी चालत नाही. आणखी एक वर्ष पैसे आणि झोप घालायची ती कशासाठी?

"वहिनी, दोन वर्षं झालीत," दीर म्हणाला. "एकच राहिलंय."

"आनी सोडलंस तर लोकांना काय सांगशील?" सासूबाई.

"आई, लोकांना सांगितलंय कुठे आपण?" नवरा हसला.

सासूबाईंनी पदर सावरला. "मी सांगितलंय. मोऱ्याच्या माज्या बहिनीला."

"संपलं. म्हणजे मोरा बंदरातल्या लाँचवाल्यालाही माहीत."

हसून झालं. मग जाऊच बोलली. स्टोअर्समध्ये आणि डिस्पॅचला जनरल शिफ्टच असते, तिथे कुठलाही ग्रॅज्युएट चालतो असं तिने शेजारणीकडून ऐकलं होतं. शेजारणीचा नवरा त्याच पट्ट्यात दुसऱ्या कंपनीत आहे.

"परत ऐकलेलंच," मी म्हटलं. "तुमच्या एचआरला विचारा. बीबीए झालं तर स्टोअर्सला बदली मिळेल का, एवढंच. हो म्हणाले तर फी भरू, नाही म्हणाले तर बंद."

दीर म्हणाला, "एचआरला विचारलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत प्लांटला कळतं. उद्यापासून साहेब म्हणून हाक मारतील. आणि झालं नाही, तर रिटायर होईस्तोवर साहेबच."

"मारू देत," जाऊ म्हणाली. "घरी तर झोपाल."

तेव्हा तो हो म्हणाला. सोमवारी विचारतो.

सोमवारी त्याची दुपारपाळी होती, तो पोचला तोवर एचआरचा माणूस मीटिंगमध्ये होता. मंगळवारी ऑडिट. बुधवारी म्हणे केबिनमध्ये प्लांटची दोन माणसं आधीच बसली होती, त्यांच्यासमोर कसं विचारणार? मी त्यानंतर फोन करून विचारलं नाही, जाऊने घरी विचारलं. तो तिलाही म्हणाला, बघतो.

माझ्या मते उत्तर काहीही आलं तरी ते ऐकून घ्यायला हवं. पदवी महाग पडली की नाही, ते ठरवायचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही. पण ते माझ्या हातात नाही. मी त्याच्या कंपनीत जाऊन विचारू शकत नाही, आणि विचारलं तर त्याला ते आवडणार नाही. पुढचा आठवडा त्याची रात्रपाळी आहे. रात्रपाळीला एचआर नसतं.

फी भरलेली नाही. विचारणंही बाकी आहे.