मल्लम्माचा फरीगदगा

मल्लम्मानं वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मर्दानी खेळ शिकायचं मनावर घेतलं, आणि त्या दिवसापासून अणदुरातला प्रत्येक बाप्या तिला शहाणपण सांगायला लागला.

ती सुईण होती. लिंगायताच्या घरातली, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, अंगानं आडवी, आवाज खणखणीत. त्यांच्यात बाळंतिणीचा विटाळ मानत नाहीत. म्हणून तिच्या सासूनं हे काम धरलं होतं आणि सासूमागं मल्लम्मानं. अणदूर, नळदुर्ग, चिवरी, खुदावाडी, एवढ्या टापूत कुणाची बाई अडली की बोलवायला माणूस यायचा. न्यायला गाडी असायची. परत पोचवायची मात्र कुणाला आठवण राहत नसे. घरात पोर झालेलं, सगळे आनंदात. मल्लम्मा आपली डाव्या काखेत गाठोडं मारून एकटी चालत घरी.

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात चिवरीहून येताना ओढ्याजवळ दोघं आडवे आले. भर दुपार होती. एकानं गाठोडं हिसकलं, दुसऱ्यानं तिला ढकललं. ती ओढ्यातल्या उरल्यासुरल्या चिखलात बसली. बाळंतिणीच्या सासूनं नेसायला दिलेलं नवं इरकली लुगडं गेलं. नाळ कापायची सासूच्या हातची सुरी गेली. वर त्यातला एक हसत म्हणाला, "बस म्हातारे, गार वाटंल."

विशीतली पोरं होती. घरी येईपर्यंत मल्लम्माला भीती वाटली नाही, नुसता संताप येत होता.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात मुलगा, सून आणि धाकटा दीर माणिकप्पा. माणिकप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "वैनी, आता बाहीर जाणं बंद करा."

"करते की," मल्लम्मा पाय धुता धुता म्हणाली. "खुदावाडीच्या पाटलाची सून आठव्या म्हैन्यात हाय. तू जाशील?"

"म्या? म्या काय करू जाऊन?"

"मग गप बस."

"सोबत कुणालातरी नेत जा."

"तू येतोस?"

माणिकप्पाला रानात काम होतं. मुलालाही होतं. मल्लम्मानं पाय पुसले आणि सांगून टाकलं, "मारायचं कसं ते शिकते आता म्या."

घरच्यांना वाटलं, राग आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तालमीच्या दारात उभी होती.

महांतप्पा वस्तादाची तालीम गावात सगळ्यांत जुनी. आत लाल माती, कोनाड्यात मारुती, बाईमाणसानं उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. वस्ताद लंगोटावर उपरणं गुंडाळत बाहेर आला. त्याला आधी वाटलं, कुणाच्या घरचा निरोप असेल. कारण कळल्यावर तो भिंतीला टेकून बसला.

"अक्का, कुस्ती म्हंजे तपश्चर्या असती. पहाटं उठायचं, पाचशे जोर, हजार बैठका. दोन शेर दूध, बदाम, तूप. अन् ब्रह्मचर्य."

"सहा वर्सं झाली पाळते. पुढं?"

वस्ताद लाजला. मग म्हणाला, "बाईला मातीत उतरता येत न्हाय."

"तुझी तिन्ही पोरं माझ्या हातावर झाली, तवा न्हाय म्हन्लास मला आत येऊ नको म्हणून. एक डाव सांग. माणसानं गाठोडं वढलं तर काय करायचं?"

"तसा डाव न्हाय. समोरच्यानं आदी हात मिळवाया पायजे, मग खडाखडी."

"अरे, चोर हात मिळवतो काय?"

वस्तादानं तिला घरी बैठका मारायचा सल्ला दिला. मल्लम्मानं त्याच संध्याकाळी तीस मारल्या. दुसऱ्या दिवशी तिला जात्यापाशी बसता येईना आणि बसल्यावर उठता येईना. सुनेनं तोंडाला पदर लावला. मल्लम्मानं तो लावलेला पाहिला.

मग लिंबाजी. हा दसऱ्याच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरवायचा. जमिनीवर निजवलेल्या माणसाच्या हातावरचं लिंबू तो एका वारात कापत असे, आणि ते बघायला तुळजापूरहून माणसं येतात असं तो स्वतःच सांगे. मल्लम्मा त्याच्याकडं गेली तेव्हा त्यानं आदरानं घोंगडी अंथरली. नंतर चार खेपा तो नुसता आपल्या खापरपणज्याची गोष्ट सांगत राहिला. पट्टा काही तिच्या दृष्टीस पडला नाही. पाचव्या खेपेला तिनं विचारलं, "पट्टा कुठाय?"

लिंबाजीनं इकडंतिकडं बघितलं. "भिंतीत हाय. निजामाच्या अमीनाचा शिपाई हत्यारं धुंडत फिरतोय आजकाल."

"मग शिकवतोस कशावर?"

"आदी मनगट तयार करायचं. दोन साल. मग लिंबू."

"लिंबाजी, रस्त्यात मला गाठणारा माणूस हातावर लिंबू घेऊन निजून ऱ्हाईल काय रं?"

लिंबाजीला याचा राग आला. आपल्या विद्येची बाईमाणसानं टवाळी केली, असं तो नंतर दोन महिने गावभर सांगत होता.

तिसरे शाळेतले गुरुजी. ते सोलापूरला चार महिने राहून आले होते आणि येताना लाठीचं एक पुस्तक घेऊन आले होते. पांढरीच्या माळावर ते दहा-बारा पोरांना रांगेत उभं करून शिट्टी फुंकत. मल्लम्मा गेली तर त्यांनी नाही म्हटलं नाही. सुधारलेले होते ते. तिला रांगेच्या शेवटी उभं केलं, हातात लाठी दिली आणि म्हणाले, "पुस्तकात पान बारा. आकृती तिसरी."

"मला वाचाया येत न्हाय, गुरुजी."

"चित्र आहे."

चित्रातल्या माणसाला मिशा होत्या, अर्धी चड्डी होती आणि त्याच्यासमोर कुणीच नव्हतं. आठ दिवस मल्लम्मा शिट्टीवर डावीकडं वळली, उजवीकडं वळली, लाठी खाली, लाठी वर. नवव्या दिवशी तिनं विचारलं, "गुरुजी, समूर मानूस कंदी उभा करायचा?"

"ते दुसऱ्या भागात आहे. तो भाग अजून मागवायचाय."

तो भाग येण्याआधीच अमीनाकडून, म्हणजे चौकीवरच्या फौजदाराकडून, माणूस आला. परवानगीवाचून कवायत चालवता म्हणून गुरुजींना दिवसभर चौकीवर बसवून ठेवलं. ते परत आले ते ताप घेऊनच. माळावरची शिट्टी बंद झाली.

"झालं तुमचं समाधान?" माणिकप्पा म्हणाला. मल्लम्मानं त्याला भाकरी वाढली आणि ताट जरा आपटूनच ठेवलं.

दिवाळी झाल्यावर ती नळदुर्गला एका बाळंतपणाला गेली. बाई पहिलटकरीण, दोन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी जरा वारा घ्यायला ती परसात आली, तर शेजारच्या अंगणातून ठक, ठक, ठक असा आवाज येत होता. भिंतीवरून बघितलं तर मेहताब उस्ताद एकटाच एका खांबाला हातभर काठीनं झोडत होता. सत्तरीचा माणूस, हाडं नि कातडं. मोहरमच्या सवारीत हा फरीगदगा खेळायचा. फरी म्हणजे डाव्या हातातली लहान ढाल आणि गदगा म्हणजे चामडं मढवलेली आखूड काठी. त्याच्या लेकीचं पहिलं बाळंतपण मल्लम्मानंच केलं होतं, त्यामुळं ओळख होती.

"एकलेच खेळता, उस्ताद?"

"और किसके साथ खेलूँ?" म्हातारा खेकसला. "बीस पोट्टे आते थे मेरे कने. सब बंदूक के पिच्छे भाग गए. वर्दी हुना बोलते, नारे हुना बोलते. पाँव कैसा रखना, मालूम नै एक कू!"

इतक्या महिन्यांत आपल्याइतकाच चिडलेला माणूस मल्लम्माला पहिल्यांदा भेटला. तिनं आपली सगळी हकीकत भिंतीवरूनच सांगितली. उस्तादानं खापरपणज्याचं नाव काढलं नाही की दूध-बदामाचं. त्यानं एकच विचारलं, "गठड़ी कौन से हात में रखती?"

"डाव्या."

"तो वोच तेरी फरी. सीधे हात में गदगा. आ जा."

बाळंतीण सुटल्यावर मल्लम्मा त्याच्या अंगणात गेली. उस्तादाची बायको जैनबी पान लावत ओसरीवर बसलेली होती. मल्लम्मानं पदर खोचला आणि गदग्यासाठी हात पुढं केला. उस्ताद म्हणाला, "पहले चल के दिखा."

तीन आठवडे त्यानं तिला चालायलाच लावलं. आठवड्यातून दोनदा नळदुर्गला जायचं, आणि तिथं अंगणात गोल गोल. टाच टेकू नको. पाय ओढू नको. मागं सरताना मागं बघू नको. ती चुकली की म्हातारा "फिर से" म्हणायचा, आणि ती नाही चुकली तरी तेच म्हणायचा. मधेच त्याच्या नमाजाची वेळ व्हायची. मधेच तो खाटेवर पडून घोरायचा, आणि मल्लम्मा थांबली की डोळे न उघडता ओरडायचा, "रुकी कायकू?"

"उस्ताद, मला चालाया येतंय! चाळीस वर्सं चालते म्या!"

"नै आता," तो शांतपणे म्हणायचा, आणि जैनबी हसून तिला पान द्यायची.

संक्रांतीच्या सुमाराला तिच्या हातात गदगा आला. गावात तोवर चर्चा पिकली होती. दिवस तसेच होते. नळदुर्गात रझाकारांची वर्दीवाली पोरं भाले घेऊन फिरायला लागली होती, आणि इकडं लिंगायताची विधवा मुसलमानाच्या अंगणात खेळ शिकते म्हणजे काय! पारावरचे चौघं घरी आले. त्यांच्यात महांतप्पाही होता आणि लिंबाजीही.

"अक्का, शिकायचंच आसंल तर आपल्यातल्याकडं शिका," महांतप्पा म्हणाला.

मल्लम्मा त्या दोघांकडं इतका वेळ बघत राहिली की लिंबाजीनं पायताण चाचपायला सुरुवात केली. "आले होते की आपल्यातल्याकडं," ती म्हणाली, आणि माणिकप्पाला चहा टाकायला सांगून आत निघून गेली. माणिकप्पाला चहा करता येत नव्हता. पाहुणे बसून बसून उठले.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस ते घडलं. खुदावाडीच्या वाटेवर, बाभळीच्या बनात, एक जण मागून धावत आला आणि गाठोड्याला हात घातला. ओढ्यावरचाच तो होता की दुसरा कुणी, हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. तिचा पाय आपोआप मागं सरला, गाठोडं पुढं आलं, आणि गदगा त्याच्या मनगटावर बसला. तो किंचाळून खाली बसला. दुसरा वार तिनं गुडघ्यावर टाकला तो चुकला आणि तिच्याच नडगीवर लागला. दोघंही क्षणभर आपापली दुखापत धरून एकमेकांकडं बघत राहिले.

मग तिला त्याचं मनगट दिसलं. "बोटं हालव," ती म्हणाली. त्यानं घाबरून हालवली. "मोडलं न्हाय. हळद लाव जा."

तो पळाला. मल्लम्मा वीसेक पावलं चालली आणि एका बाभळीला धरून ओकली. गाठोड्यात एरंडेलाची बाटली फुटून सगळ्या धडप्यांना तेल लागलं होतं, त्याचं तिला रडूच आलं. डोळे पुसून ती पुढं गेली. खुदावाडीत तिसऱ्या प्रहरी मुलगी झाली, दोघी मायलेकी सुखरूप.

नळदुर्गला जाऊन तिनं हे उस्तादाला सांगितलं. शाबासकीची तिला आशा होती. म्हातारा खाटेवर उठून बसला. "दूसरा वार चुका कैसे?"

"उस्ताद, मानूस पळून गेला की!"

"चुका कैसे, मैं पूछरा!" आणि तो एक वार त्यानं तिच्याकडून चाळीस वेळा करून घेतला.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि निजामाचा अंमल संपला. अणदुरात गुलाल उधळला. नळदुर्गाहून मात्र कसल्या कसल्या बातम्या येत होत्या. पाचव्या दिवशी मल्लम्मा माणिकप्पाला म्हणाली, "गाडी जुंप."

माणिकप्पा सबंध वाट कुरकुरत होता. बैल दमलेत, रस्ता बरा नाही, आपल्याला काय करायचंय. दोघं उस्तादाच्या अंगणाशी आली. दाराची फळी गेली होती. घरात एक भांडं नव्हतं. म्हातारा आणि जैनबी कोपऱ्यात पोत्यावर बसली होती. कुणी केलं ते त्यांनी सांगितलं नाही, मल्लम्मानंही विचारलं नाही. माणिकप्पानंच पुढं होऊन उस्तादाला उचललं आणि गाडीत बसवलं. त्याचं वजन काहीच नव्हतं, असं तो नंतर एकदा म्हणाला होता.

दोघं चार महिने मल्लम्माच्या सोप्यात राहिली. पुन्हा पारावरचे आले. या वेळी तिनं त्यांना दारातच थांबवलं. उस्तादाला जेवणात मटण लागायचं, ते या घरात शिजणं शक्य नव्हतं. तो तिच्या आमटीला नावं ठेवायचा, आणि तो नावं ठेवतोय तोवर ठीक आहे असं तिला वाटायचं. पण गदग्याला त्यानं हात लावला नाही. तिनं त्याच्यासमोर मुद्दाम चुका केल्या. तो दुसरीकडं बघायचा. एक दिवस तिनं चिडून गदगा त्याच्या मांडीवर टाकला. "सांगा की, काय चुकलं ते!"

"बस हो गया, मल्लम्मा," तो म्हणाला.

पौषात गुलबर्ग्याहून जावई आला आणि दोघांना घेऊन गेला. पुढच्या वर्षी म्हातारा गेल्याचं एका कासाराकडून कळलं. मल्लम्मा तेव्हा एका बाळंतिणीला शेक देत होती. तिनं निखारे नीट केले आणि काम पुरं केलं.

नंतर गावानं तिची गोष्ट बदलली. त्या बाभळीच्या बनात मल्लम्मानं तीन रझाकार लोळवले असं आधी म्हणत, मग ते पाच झाले. सात-आठ वर्षांनी शाळेच्या झेंडावंदनाला तिला मुद्दाम बोलावून खुर्चीवर बसवलं, हार घातला. हेडमास्तर बोलले, महांतप्पा बोलला. मग तिला उभं केलं.

"पाच नव्हते, एक होता," मल्लम्मा म्हणाली. "अन् रझाकार नव्हता, चोर होता. एक वार बसला, एक चुकला. मला शिकवलं नळदुर्गच्या मेहताब उस्तादानं. त्येचं घर लोकांनी लुटलं."

हेडमास्तर घाईघाईनं आभार मानायला उठले. ते पुरे व्हायच्या आतच मल्लम्मानं हार काढून खुर्चीवर ठेवला. कोळ्याच्या वाड्यावरची एक बाई सकाळपासून कळा देत होती, आणि या लोकांनी तिचा अर्धा दिवस खाल्ला होता.