वासाच्या कागदात चाचांची तंबाखू

माझ्या मंचरच्या दुकानात सध्या सगळ्यात पुढची फळी वासाच्या कागदांनी अडवली आहे. तंबाखू गुंडाळून ओढायचे हे पातळ कागद. छोट्या पाकिटातून एकेक ओढून काढायचे. स्ट्रॉबेरी, आंबा, द्राक्ष, पुदिना, गुलाब. अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं हायवेवरच्या टपऱ्यांवर ते मागतात आणि टपऱ्यांना माल मी पुरवतो. टपरीवाले विचारतात, ‘‘शेठ, यातला चांगला कोणता?’’ मी सांगतो, खपेल तो चांगला. खरं उत्तर मला माहीत आहे, कारण एका दुपारी मी ते सगळे ओळीनं ओढून बघितले. ते धंद्यासाठी नव्हतं. जुन्नरच्या कबरस्तानात झोपलेल्या एका माणसाशी माझं भांडण चालू होतं आणि मला ते जिंकायचं होतं.

जुन्नरच्या जुन्या पेठेत त्यांचं तंबाखूचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी मढ गावाकडचा. घरच्या भातखाचरांत सगळ्या भावांचं भागण्यासारखं नव्हतं म्हणून सायकलला पोतं बांधलं आणि चाचांची तंबाखू पश्चिमेच्या वाड्यावाड्यांवर विकायला लागलो. पहिल्या दिवशी दुकानाच्या पायरीवर संकोचून उभा होतो, तेव्हा ते म्हणाले, ‘‘या पावणं, वर या.’’ पुढं केस पांढरे व्हायला लागले तरी मी त्यांचा पावणंच राहिलो.

भाव करायला मी त्याच पायरीवर शिकलो. आमच्याकडे घेणारा आधी मालाला नाव ठेवतो. बैल असला तर त्याची चाल तिरकी आहे म्हणायचं, कांदा असला तर ओला आहे म्हणायचं. विकणाऱ्यालाही कळतं की हे बोलणं भावापुरतं आहे. तो दोन शिव्या देतो, थोडा खाली येतो आणि सौदा होतो. यात कुणाचा अपमान नसतो. मी याच बोलण्यावर उभा राहिलो, कुणाच्या शिफारशीवर नाही.

मंचरला दुकान टाकल्यावर मी पाकीटबंद माल ठेवायला लागलो. चाचांकडे जायचं ते फक्त स्वतःसाठी. सायकलवर होतो तोवर मी तंबाखूला तोंड लावलं नव्हतं. विकायचा माल ओढायचा नाही असा माझा नियम होता. आता पहिल्यांदाच स्वतःच्या हौसेसाठी एक पितळी डबा घेऊन गेलो. चाचांनी पोत्यातली चिमूटभर तंबाखू माझ्या तळहातावर ठेवली. मी ती नाकाशी नेली आणि सवयीनं म्हणालो, ‘‘तंबाखू ठीक हाय चाचा, पण हिला वासच न्हाई.’’

ते भावाचं काहीच बोलले नाहीत. मग डबा घेऊन पडद्यामागे गेले आणि भरून घेऊन आले.

‘‘बघा पावणं. आता येतो का?’’

मी झाकण उघडलं. एक गोडसर, ओलसर, लांबून यावा तसा वास. मला वाटलं, आतला राखून ठेवलेला माल काढला यांनी. मनात म्हटलं, जमलं आपल्याला.

‘‘एक करा,’’ ते म्हणाले. ‘‘डबा रिकामा करून आणायचा नाय. तळ दिसायच्या आत यायचं.’’

मला वाटलं, गिऱ्हाईक लवकर परत यावं म्हणून ही युक्ती. तरी मी ती पाळली. वर्षानुवर्षं अर्धा डबा घेऊन जुन्नरला जायचो, ते पडद्यामागे जाऊन भरून आणायचे, मग चहा, मग शिव्या.

मग हे कागद आले. पहिलं स्ट्रॉबेरीचं पाकीट मी मोठ्या कौतुकानं जुन्नरला नेलं. दुकानात तीन-चार माणसं बसली होती. मी माझ्या डब्यातली तंबाखू त्या गुलाबी कागदात गुंडाळली, कडेला जीभ लावून चिकटवली आणि चाचांच्या पुढं धरली. त्यांनी ती नाकाखालून नेली आणि तशीच गल्ल्यावर ठेवली.

‘‘वास मेलेल्याला लावतात, पावणं. जित्या तंबाखूला नाय.’’

बसलेली माणसं हसली. एकजण म्हणाला, ‘‘शेठ, लिपस्टिक बी ठेवा आता!’’ माझ्या कानशिलात रक्त चढलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण ज्या पायरीवर मी उभा राहायला शिकलो, त्याच पायरीवर चारचौघांत माझं हसं केलं होतं.

‘‘म्हणून तर तुमच्या दुकानात माशा बसतात, चाचा,’’ मी म्हणालो.

त्यांनी माझा डबा उचलला. पडद्यामागे गेले नाहीत. अर्धा डबा तसाच माझ्यापुढं सरकवला. ‘‘घेऊन जा.’’

मी घेऊन आलो. चिडून तो वरच्या फळीवर फेकला आणि पाकिटातल्या सिगारेटी ओढायला लागलो. चाचांनी बोलवावं अशी वाट बघितली. ते बोलावणार नाहीत हेही माहीत होतं. पुढच्या थंडीत ते गेले.

मातीला गेलो. कफनाला गुलाबाचं अत्तर लावलं होतं. मागच्या बाजूला उभा असतानाही तो वास माझ्यापर्यंत पोचला आणि त्याबरोबर त्यांचं वाक्य. मेल्यावरही माणसानं आपलंच खरं करून दाखवावं, याचा मला भयंकर राग आला.

त्यानंतर ते माझ्या दुकानात यायला लागले. दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. कागदांचा नवा बॉक्स फोडला की पाठीमागे कुणीतरी घसा खाकरायचं. वळलो की बारदान आणि काड्यापेट्यांची खोकी. बायको जेवणाचा डबा घेऊन आली की दारातच थांबायची. ‘‘कोण येऊन गेलं का? अत्तराचा वास येतोय.’’ मी म्हणायचो, कागदांचा आहे. ती म्हणायची, ‘‘कागदांचा मला कळतो. हा तो नाय.’’

मग एकदा पुण्याहून कागद कंपनीचा माणूस आला. त्यानं सगळ्या वासांचं एकेक पाकीट माझ्यापुढं ठेवलं. ‘‘काका, एकदा तुलना करून बघा. जो आवडेल तो जास्त ठेवा.’’ तो गेल्यावर मी वरच्या फळीवरचा पितळी डबा काढला. झाकण उघडलं. तंबाखू कोरडी झाली होती, पण तो लांबून येणारा वास अजून होता. मी ठरवलं, आज निकाल लावायचा. यातल्या एका तरी कागदात चाचांची तंबाखू जिवंत राहिली, तर ते हरले. त्यांच्या तंबाखूवरच त्यांना हरवायचं होतं. ती तंबाखू आता जगात आणखी कुठं मिळणार नाही, असंच मला वाटत होतं.

शटर अर्धं ओढलं. गिऱ्हाइकाचं स्टूल समोर ठेवलं, चाचा बसलेत असं समजून.

स्ट्रॉबेरी आधी. वास कागदाला कमी, कडेच्या डिंकाला जास्त. जीभ लावली की लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची चव येते. कागद जाड, एका अंगानं भराभरा जळतो. दोन झुरक्यांनंतर औषधही गेलं आणि तंबाखूही.

‘‘हा जाऊ द्या,’’ मी स्टुलाला म्हणालो.

आंबा. ज्या भागात जुन्नरचा खरा हापूस पिकतो, तिथं हा वास घेऊन यायचं धाडस कंपनीनं कसं केलं कळत नाही. पाकिटातल्या रसासारखा. पहिला झुरका बरा, मग करपलेला गूळ. द्राक्षाला खोडरबराचा वास. आमच्या बागांमधल्या काळ्या द्राक्षांशी त्याचं काही नातं नाही. राख मात्र पांढरी आणि आग सरळ चालते. कागद म्हणून तोच सगळ्यात चांगला. पुदिन्यानं घसा गार पडला आणि आत काय जळतंय ते कळेनासं झालं. त्यात वाळलेलं गवत घातलं असतं तरी चाललं असतं.

प्रत्येक वेळी डब्यात बोटं थोडी अजून खोल जायची.

गुलाब शेवटी ठेवला होता. चिकटवताना हात थांबला. तो गुलाब नव्हता, ती कबरस्तानातली दुपार होती. तरी पेटवला. धूर समोर स्टुलावर गेला आणि तिथंच घुटमळला. बाहेर हायवेवर गाड्या चालू होत्या, त्यांचा आवाज एकदम मागे गेल्यासारखा वाटला. मी जोरात म्हणालो, ‘‘बोला की! आता का गप?’’

मी उरलेल्या चिमटीसाठी डब्यात बोटं घातली आणि नखाला काहीतरी लागलं. डब्याच्या तळाशी, घडी घालून बसवलेलं, तपकिरी पडलेलं, कडेला बारीक काटे असलेलं एक पान. नाकाशी नेलं. केवडा.

तो लांबून येणारा वास तंबाखूचा नव्हताच. मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो. वास जित्या तंबाखूला लावत नाहीत म्हणणारा माणूस स्वतः केवडा घालत होता! तळ दिसू द्यायचा नाही तो यासाठी! पान खिशात घातलं, शटर ओढलं आणि तशीच गाडी जुन्नरला काढली.

दुकानात आता त्यांचा मुलगा बसतो. पन्नाशीचा, शांत माणूस. मी पान गल्ल्यावर आपटलं.

‘‘हे काय हाय?’’

त्यानं बघितलं. ‘‘केवडा. तुमच्या डब्यातला ना?’’

‘‘म्हंजे सगळ्या मालाला वास लावत व्हते तुमचे अब्बा, आणि मला—’’

‘‘सगळ्या नाही, भाऊ. फक्त तुमच्या डब्याला.’’ तो पान हातात घेऊन फिरवत होता. ‘‘कोकणातली एक बाई माळशेज घाट चढून बाजाराला यायची, तिच्याकडून घ्यायचे. पान बदलताना चिडायचे. चांगली तंबाखू नासवतोय म्हणायचे, पण पावण्यांना वासाशिवाय जमत नाय. तुम्हीच म्हणाला होतात ना, हिला वास नाही?’’

‘‘अरे, ते भावासाठी बोललो व्हतो!’’ मी ओरडलो. ‘‘बाजारात बोलतात तसं! ते काय त्यांना कळत न्हवतं?’’

‘‘कळत असेल. नसेलही. त्यांच्या तंबाखूला कुणी तसं म्हटलं नव्हतं.’’ मग पान गल्ल्यावर ठेवत म्हणाला, ‘‘तुम्ही तो गुलाबी कागद आणला त्या संध्याकाळी जेवले नाहीत. म्हणाले, एवढी वर्षं केवडा घातला, तरी याचं भागलं नाही.’’

मला त्याच्याशी भांडायचं होतं. ते हरले होते, पुरावा गल्ल्यावर पडला होता आणि तो ज्यांना दाखवायचा ते समोर नव्हते. चारचौघांत माझं हसं केलं, ते काही यानं पुसलं जात नाही. मी अजूनही तेच म्हणतो. पण त्या वेळी तोंडातून दुसरंच निघालं.

‘‘पोत्यातली दे. केवडा नसलेली. सगळे ओढतात ती.’’

‘‘अब्बांचीच मिसळ आहे अजून. त्यांनी शिकवली तशीच करतो,’’ तो म्हणाला. त्यानं चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवली. मी ती साध्या, बिनवासाच्या कागदात गुंडाळली आणि त्याच पायरीवर बसून पेटवली. कडक, स्वच्छ, मातीची चव. सगळं जुन्नर ज्यांना चाचा म्हणत होतं, त्यांची ही तंबाखू. मी ती पहिल्यांदाच ओढत होतो आणि ती मला एखाद्या परक्या माणसासारखी वाटली. पडद्यामागून केवडा घालून आणणारे माझे चाचा त्या डब्यात होते आणि तो डबा मी दुपारी स्ट्रॉबेरी, आंबा, द्राक्षात जाळून टाकला होता.

‘‘कशी आहे?’’ मुलानं आतून विचारलं.

मी अजून एक झुरका घेतला. घशात धरला, त्यात केवडा शोधला.

‘‘वास न्हाई हिला,’’ मी म्हणालो. भावासाठी नाही.